यजमानांचा ताप

माझं नाव डिंपल. गालाला खळी नाही, पडण्याची शक्यताही नाही. मी जन्मले त्या वर्षी आमच्या बाबांनी, म्हणजे मनसाराम मारभते यांनी, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवसांत भाड्याच्या व्हिडिओवर एक सिनेमा पाहिला आणि घरी येऊन नाव ठेवून टाकलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते मला बघूनच म्हणत असावेत. पुढे एका इंग्रज प्राध्यापकाने मोठ्या आदराने विचारलं, तुमच्या भाषेत या नावाचा अर्थ काय होतो? मी म्हटलं, साहेब, आमच्या भाषेत काहीच होत नाही, जो काही होतो तो तुमच्याच भाषेत. तो ओशाळला आणि मग मीही ओशाळले.

धंद्याने मी शास्त्रज्ञ आहे. हिवतापाचा जंतू रक्तात शिरला की शरीर त्याला ओळखतं कसं, लढतं कसं आणि ती ओळख किती वर्षं लक्षात ठेवतं, यावर मी अर्धं आयुष्य घालवलं. एवढ्या काळात मला स्वतःच्या खोलीची किल्ली कुठे ठेवली हे कधी लक्षात राहिलं नाही, पण त्यावर कोणी अनुदान देत नाही.

आमचं घर सिंदेवाहीच्या बाजूच्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून. आम्ही ढिवर. बाबा तलावात जाळं टाकायचे आणि आई, रंभाबाई, टोपली डोक्यावर घेऊन सिंदेवाहीच्या बाजारात मासळी विकायची. सिंदेवाहीत धानाचं संशोधन केंद्र असल्यामुळे आमच्या भागात संशोधन म्हणजे धान, यात कोणाला शंका नसते. मी नागपूरहून एम.एस्सी. करून पुण्याला पीएच.डी.ला गेले तेव्हा आईने बाजारात सांगितलं, 'पोरगी संशोधनात हाय.' झालं. सुट्टीत घरी आले की लोक अंगणात येऊन बसायचे.

'यंदा कोन्तं वान काढलं?'

'काका, मी धानाचं नाही करत.'

'असू दे. तुडतुड्यावर काही हाय का?'

एकदा वैतागून सांगून टाकलं की मी माणसांच्या रोगावर काम करते. त्यावर समोरच्याने धोतर वर करून गुडघा पुढे केला. मी म्हटलं, मी तशी डॉक्टर नाही. तो म्हणाला, 'मंग कशी डॉक्टर हायस?' या प्रश्नाचं नीट उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आईला मात्र मी सगळं खरं सांगायचे. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी उंदरांना हिवताप द्यायचे, मग तो उतरवायचे, मग पुन्हा द्यायचे आणि दुसऱ्या वेळी उंदीर किती लवकर सावरतो ते मोजायचे. आईने मासा साफ करता करता ऐकून घेतलं. 'त्याले ताप नव्हता?' नव्हता. 'तू आनला?' हो. 'आन मंग तूच उतरवला?' हो. तिने कल्ले उपटून बाजूला टाकले आणि म्हणाली, 'मंग आनला काऊन?' पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत तिघा परीक्षकांनी मिळून इतका अडचणीचा प्रश्न विचारला नाही.

नंतर स्वित्झर्लंड. तिथे मी पाच वर्षं एका बर्फाळ गावात बर्फाहून थंड कपाटातून नळ्या काढत आणि परत ठेवत होते. माझे निबंध छापून यायचे, त्याच्या आधी दोनदा परत यायचे. परीक्षकांपैकी एक जण नेहमी लिहायचा की हे काम आधीच कोणीतरी केलेलं आहे, आणि दुसरा लिहायचा की हे काम होणंच शक्य नाही. मग मी परत आले. अर्जात लिहिलं, 'आपल्या भागातील लोकांसाठी काम करण्याची ओढ.' ओढ होती, खोटं नाही. करार संपला होता हेही खोटं नाही.

गडचिरोली जिल्ह्यात पुण्याच्या आमच्या संस्थेने एक छोटं केंद्र काढलं आणि मला तिथे नेमलं. प्रश्न माझा आवडता होता. जंगलपट्ट्यात वर्षानुवर्षं हिवताप सोसलेल्या मोठ्या माणसांच्या रक्तात जंतू सापडतो, पण त्यांना ताप येत नाही. शरीर जंतूला ओळखून असतं, त्याला डोकं वर काढू देत नाही आणि पुरतं हाकलतही नाही. माणूस धडधाकट दिसतो, कामाला जातो, आणि डास त्याला चावून तोच जंतू शेजारच्या लेकराला नेऊन देतो. अशा माणसांना शोधायचं, औषध द्यायचं आणि त्यांचं रक्त तपासून ती ओळख कशाची बनलेली असते ते बघायचं, असं काम होतं.

गाव निवडलं एटापल्ली तालुक्यातलं येरंडटोला. नदीकाठी, धान पिकवणारी आणि मासे धरणारी घरं. गावात शिरल्या शिरल्या वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास आला आणि मला वाटलं, आता काय, आपलंच घर. बाहेरच्या शास्त्रज्ञांना जे जमलं नाही ते ढिवराच्या पोरीला चुटकीसरशी जमणार.

ग्रामसभेत मला माईक दिला. माझा एक जुना दोष आहे, माईक हातात आला की माझ्या तोंडून पुणं बोलायला लागतं. ज्याच्या अंगात जंतू राहतो, खातो, पोसला जातो त्याला शास्त्राच्या मराठीत यजमान म्हणतात. शब्द मला फार आवडतो. मी तो मनसोक्त वापरला. 'यजमानाच्या रक्तात जंतू वास करतात. यजमानाला ताप येत नाही. यजमान निरोगी दिसतो, आणि इथेच आपली फसगत होते. म्हणून प्रत्येक यजमानाची तपासणी आणि उपचार झालाच पाहिजे.' टाळ्या पडल्या. विशेषतः बायांनी फार मनापासून वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात तपासणीला रांग लागली ती सगळी पुरुषांची. आंघोळी करून, केस चापून, खांद्यावर धुतलेले दुपट्टे टाकून आलेले. बाई एक नाही. एक म्हातारी तेवढी दाराशी येऊन विचारून गेली, 'आमचे तर वर गेले, मले सूट हाय ना?' मला वाटलं ती मुलांबद्दल बोलते आहे, शिकायला वरच्या गावी गेली असतील. मी म्हटलं, हो हो, काही हरकत नाही.

त्या आठवड्यात मी पुण्याला अहवाल पाठवला. त्यात स्त्रियांच्या अत्यल्प सहभागामागील सामाजिक संकोचावर दीड पान होतं. तळटीपांसकट.

उलगडा झाला तो कमळामुळे. कमळा ही वारलू नावाच्या मासेमाराची बायको, पाचवा महिना लागलेली. गरोदर बायांचं रक्त आमच्या गडबडीपासून वेगळं, आरोग्य केंद्राच्या रीतीप्रमाणे तपासलं जायचं. ते काम गावची आशा कार्यकर्ती अन्नपूर्णा करायची. कमळाच्या रक्तात जंतू निघाला, तोही हिवतापातला वाईट जातीचा. ताप नावालाही नव्हता. केंद्राच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, अन्नपूर्णा त्या घेऊन गेली आणि कमळाने परत पाठवल्या. म्हणून मी स्वतः गेले.

कमळा अंगणात जाळं सांधत बसली होती. माझं म्हणणं ऐकून घेऊन ती शांतपणे म्हणाली, 'माह्या रक्तात कसं निंगन? वारलूचं रक्त माह्या नावावर चढलं असन. तुमीच तर सांगतलं, यजमानाच्या रक्तात रायते म्हणून.'

मी अन्नपूर्णाकडे पाहिलं. अन्नपूर्णा अभिमानाने म्हणाली, 'कोनाले समजून नाई राह्यलं होतं म्याडम. मीच तिथंच सभेत सांगतलं सगळ्या बायायले. शिकलेल्या बाया नवऱ्याले यजमान म्हनते.'

मला आधी हसू आलं. मग दीड पान आठवलं, मग ती म्हातारी आठवली आणि तिचे कोण वर गेले ते कळलं. माझ्या हसण्याकडे वारलूची आई, सीताबाई, दारातून बघत होती. ती हसली नाही.

'यजमान असो का कोनी असो,' ती म्हणाली, 'माह्यी सून गोया खानार नाई. मागच्या खेपेले लाल गोया खाल्ल्या. पोर मुठीएवढं झालं न महिन्याच्या आत गेलं. पोटात लेकरू असताना औषिद गरम पडते.'

मागच्या वेळचं बाळ इतकं लहान का जन्मलं असेल, ते मला तिथेच उभ्या उभ्या दिसलं. रक्तवाढीच्या लाल गोळ्यांनी कोणाचं बाळ मरत नाही. हा जंतू आईला ताप न आणता वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या नाळेच्या मुळाशी जाऊन बसतो, आणि बाळाकडे जाणारं अन्न वाटेतच खाऊन टाकतो. मागच्या वेळी कमळाची अशी तपासणी झालीच नव्हती, म्हणून खात्रीने सांगता येत नव्हतं. पण या वेळी तो तिच्या रक्तात होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. माझ्याजवळ या विषयावरचं अख्खं कपाट होतं आणि समोरच्या दोन बायांना पटेल असं एक वाक्य नव्हतं.

मग मी जे जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. सूक्ष्मदर्शक उचलून त्यांच्या घरी नेला. सीताबाईने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. आत जंतू अंगठीच्या आकाराचे दिसतात. 'सुंदर हाय,' ती म्हणाली. 'पण हे माह्या सुनेचंच कशावरून?' मग मी भिंतीवर खडूने वार काढली, बाळ काढलं, जंतू काढले. चित्रकलेत मी पहिल्यापासून कच्ची. शेजारची बाई येऊन विचारून गेली की मॅडम भोपळा काऊन काढून राह्यल्या. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना घेऊन गेले. ते भले गृहस्थ, पण घाईत होते. ते रागावले, आणि कमळा घरात गेली ती बाहेर आलीच नाही.

ग्रामसभा पुन्हा बोलावून मी यजमान शब्द परत घेतला. अंगात मुरलेला ताप, असं म्हटलं. बाया हसल्या, तपासणीला येऊ लागल्या, त्या म्हातारीची सूट रद्द झाली. कमळा तेवढी आली नाही. कामासाठी मी गावातच एक खोली घेऊन राहत होते; रोज तिच्या घरावरून जायचे आणि पोट बघायचे. मला भीती वाटत होती. प्रयोग फसतो तेव्हा वाटते ती ही भीती नव्हे, तिची मला सवय आहे. हे बाळ आत उपाशी राहत होतं आणि औषध अन्नपूर्णाच्या कपाटात पडून होतं, त्याची भीती.

आता माझ्या मच्छरदाणीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक भाषणात मी सांगायचे की सरकारने दिलेल्या मच्छरदाण्या मासे धरायला वापरू नका, त्या झोपायला आहेत. पण एका रविवारी नदीला पाणी उतरलेलं, कडेला झिंगे उड्या मारत होते, आणि जवळ जाळं नव्हतं. ढिवराच्या पोरीचे हात किती वेळ गप्प बसणार? खोलीत गेले, मच्छरदाणी काढली, कोणी बघत नाही असं पाहून नदीत उतरले. झिंगे झकास मिळाले, तिखट-मीठ लावून भाजले. मच्छरदाणी मात्र एका काटेरी फांदीत अडकून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फाटली. शिवू शिवू म्हणत मी तशीच झोपत राहिले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दोन आठवड्यांनी भर दुपारी, कमळाच्याच अंगणात, तिला पुन्हा एकदा समजवायला गेले असताना मला हुडहुडी भरली. मी वाक्याच्या मधोमध होते. दात वाजायला लागले आणि पुढचं वाक्य काही केल्या बाहेर येईना. सीताबाईने मला दंडाला धरून खाटेवर निजवलं, वर गोधडी टाकली, गोधडीवर बारदाना टाकला. अन्नपूर्णा धावत आली, माझ्या बोटाला सुई टोचली, आणि पट्टीवर रेघ उमटली. तोच, वाईट जातीचा.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. अंगण भरलं. 'तापाची म्याडम तापानं पडली,' एवढं वाक्य मी गोधडीखालून वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं. कोणीतरी मच्छरदाणीचंही बोललं. म्हणजे नदीवर त्या दिवशी कोणीतरी बघत होतं.

अन्नपूर्णा डॉक्टरांना फोन करून माझ्या गोळ्या आणायला गेली. गर्दी पांगली. कमळा एकटी जवळ बसून राहिली. कपाळावरचं फडकं ओलं करायची, पिळायची, ठेवायची. फडकं पुन्हा ठेवता ठेवता म्हणाली,

'म्याडम, तुमच्या अंगात हाय तो न माह्या अंगात हाय तो, एकच का?'

'एकच.'

'मंग मले काऊन नाई हे असं?'

मी डोळे मिटूनच बोलले. भाषण द्यायची ताकद नव्हती, पुणं अंगातून घामाबरोबर निघून गेलं होतं. 'तुह्यं आंग त्याले ओळखते. लहानपनापासून पाहून राह्यलं हाय. मी लहान होतो तेव्हा माह्यंही ओळखत होतं. मंग मी बाहेर गेलो, आन आंग इसरलं.'

 फडकं कपाळावर तसंच कोरडं होत गेलं. मग तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

'आन हे? हे ओळखते का त्याले?'

मी डोळे उघडले. आयुष्यभर या विषयावरचे प्रश्न मी वाचले, विचारले, परीक्षेत घातले. हा कोणी पोटावर हात ठेवून विचारलेला पहिलाच.

'नाई,' मी म्हटलं. 'त्याची त्याच्यासंगं अजून ओळखच नाई.'

कमळा माझ्याकडे बघत राहिली. अशी कुडकुडणारी, दात वाजणारी, शिकलेली मोठी बाई खाटेवर पडलेली तिने पाहिली होती. पोटातलं त्याहून किती लहान. ती उठली, आणि अन्नपूर्णा माझ्या गोळ्या घेऊन अंगणात शिरताच म्हणाली, 'माह्या गोयाही आन.'

सीताबाई दारात आडवी आली. 'कमळे.'

'माय, मी खातो.' एवढंच. सासूपुढे तिने आवाज चढवला नाही, पण डोळेही खाली घेतले नाहीत. सीताबाई बाजूला झाली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. अन्नपूर्णाने डॉक्टरांना पुन्हा फोन लावून विचारून घेतलं. आम्ही दोघींनी एकाच तांब्यातलं पाणी घेऊन गोळ्या गिळल्या. माझी ओकून पडली, मला परत घ्यावी लागली. कमळाची पहिल्या घोटात गेली.

पुढचे महिने कमळाची तपासणी अन्नपूर्णा करत राहिली आणि मी आमच्या केंद्रात परतून नखं खात राहिले. जंतू परत दिसला नाही. बाळंतपण एटापल्लीच्या दवाखान्यात झालं. मुलगी. वारलूने फोनवर सांगितलं तेव्हा मी सगळ्यात आधी वजन विचारलं. तो म्हणाला, 'चांगली जड हाय, म्याडम.' आकडा त्याला आठवत नव्हता आणि मलाही तो लागला नाही. मी फोन ठेवला आणि प्रयोगशाळेतल्या उणे ऐंशी अंशांच्या थंड कपाटाला टेकून रडले.

महिना उलटल्यावर येरंडटोल्याहून बोलावणं आलं. मला वाटलं जेवण असेल. जेवण होतंच, पण आधी सीताबाईने मला उंबऱ्याबाहेर अंगणात बसायला लावलं, आणि माझ्या मुठीत सुपातले तांदूळ दिले. मग घरातून मुलीला आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. आधीचं लेकरू गेलेल्या घरात पुढचं लेकरू दुसऱ्या बाईला विकायची रीत आहे. मग ते त्या घरचं राहत नाही, आणि न्यायला येणारा यम घर चुकतो.

'हे आमचं नाई,' सीताबाई अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. 'घेतं का इकत?'

मी तांदूळ तिच्या पदरात टाकले.

'आता सांग, कोनाची पोरगी हाय?'

शरीराला आपलं कोणतं आणि परकं कोणतं हे कसं कळतं, यावर मी आयुष्यभर लिहीत आले आहे. मला मूलबाळ नाही, लग्नही केलं नाही, आणि त्याचं मला कधी फारसं काही वाटलं नव्हतं. मुलीने झोपेतच माझं बोट पकडलं होतं. कमळा उंबऱ्याच्या आत उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

'सांग ना, बाई,' सीताबाई म्हणाली. 'मोठ्यानं सांगा लागते.'

'माह्यी हाय,' मी म्हटलं.

'मोठ्यानं.'

'माह्यी हाय.'

सीताबाईचं समाधान झालं. रीत अशी, की आता विकत घेणारीनेच लेकरू आईच्या हाती द्यायचं आणि म्हणायचं, माझं आहे, सांभाळ. कमळा उंबरा ओलांडून आली, खाली बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. मी म्हणायचं ते म्हटलं. कमळा हात पुढे करून थांबून राहिली. शेवटी सीताबाईने वाकून माझा हात हळूच बाजूला केला.

'सोड आता, बाई. तिले दूध पाजा लागते.'